फोर्डवाले आणि होल्डनवाले



ईर्षा म्हणजे काय, हे आपल्या मुलखाला कोणी शिकवावयास नको. कोल्हापुरात दोन तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की सख्खे साडूही त्या दिवसापुरते एकमेकांशी बोलेनासे होतात. पुण्यात मंडळामंडळांत मिरवणुकीवरून, मुंबईच्या गिरणगावात एके काळी चाळीचाळींत कबड्डीवरून हीच चुरस चाले. आणि सामना संपला की तीच माणसे एका टपरीवर चहा पीत बसत. आज आम्ही अशाच एका ईर्षेचा इतिहास सांगणार आहोत. ती येथली नव्हे, ऑस्ट्रेलियातली आहे. आणि तिचा विषय मोटारगाडी हा आहे. फोर्डची फाल्कन बाळगणारे एका बाजूला, होल्डनची मोनॅरो, टोराना किंवा कमोडोर बाळगणारे दुसऱ्या बाजूला, अशी त्या देशाची दोन पिढ्यांहून अधिक काळ गोड वाटणी झालेली होती.

कामगार संघटनेत जन्म घालविलेल्या माणसाने वेगवान मोटारींवर काय म्हणून बोलावे, अशी शंका कोणाला येईल. आमची कारणे दोन आहेत. एक असे की, या गाड्या नबाबांच्या नव्हत्या. मुळात त्या चार दारांच्या किंवा दोन दारांच्या घरगुती गाड्या. त्यांत थोरले इंजिन बसविलेले असे. सुतार, गवंडी, खाणकामगार, ट्रकचालक अशा पगारी व कष्टकरी माणसांची ही हौस होती. दुसरे कारण असे की, ज्या हातांनी फाल्कन बांधली आणि ज्या हातांनी होल्डन बांधली ते हात एकाच संघटनेचे सभासद होते. मालक हा शब्द आपण गाडी बाळगणाऱ्यालाही लावतो आणि कारखाना बाळगणाऱ्यालाही. या दोन मालकांतला फरक या इतिहासाने जितका स्पष्ट केला आहे तितका क्वचितच कोणी केला असेल.

होल्डन हे नाव मूळचे खोगिरांचे. जेम्स अलेक्झांडर होल्डन यांनी १८५६ साली ॲडलेड शहरी खोगिरे व चामडी सामानाचा धंदा काढला. घोडे मागे पडून मोटारी आल्या, तेव्हा या घराण्याने मोटारींच्या बॉड्या बांधावयास घेतल्या. १९३१ साली, मंदीच्या ऐन तडाख्यात, अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने हा धंदा आपल्यात ओढून घेतला. फोर्ड कंपनी तर त्याआधीच, १९२५ साली, जिलाँग बंदरात येऊन गाड्या जोडू लागली होती. म्हणजे आरंभापासून दोन्ही घरांच्या किल्ल्या अमेरिकेत होत्या, हे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाला आपली स्वतःची मोटार हवी होती. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मेलबर्नच्या फिशरमन्स बेंड येथे पहिली होल्डन लोकांसमोर आली. तिचे अनावरण करणारे पंतप्रधान बेन चिफली हे एके काळचे रेल्वेचे इंजिनचालक. १९१७ च्या मोठ्या संपात त्यांना नोकरीवरून काढले होते, आणि पुढे परत घेतले तेही खालच्या जागेवर. ते बॅथर्स्ट नावाच्या गावचे. हे नाव श्रोत्यांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे सगळी कथा त्याच गावी घडते. या गाडीचा मूळ आराखडा अमेरिकन होता, पण ती बांधली ऑस्ट्रेलियन माणसांनी. म्हणून लोकांनी तिला आपली मानली. पन्नाशीच्या दशकात तिने बाजार असा काबीज केला की दुसरे नाव काढण्याची सोय उरली नाही.

मग १९६० साली मेलबर्नच्या उत्तरेकडील ब्रॉडमेडोजच्या नव्या कारखान्यातून फोर्डची फाल्कन बाहेर पडली. अमेरिकेतल्या गुळगुळीत सडकांसाठी आखलेली ही गाडी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या खडबडीत रस्त्यांवर पुढच्या चाकांपाशी दगा देऊ लागली, आणि होल्डनवाल्यांना चेष्टेला आयते साधन मिळाले. फोर्ड या नावाची चार इंग्रजी अक्षरे घेऊन 'रस्त्यात मेलेली सापडली' असा त्यांचा विस्तार करण्याची थट्टा तेथे घरोघर चाले. फोर्डने हा कलंक धुण्यासाठी १९६५ साली यू यांग्ज टेकड्यांजवळच्या आपल्या चाचणीच्या रस्त्यावर काही फाल्कन गाड्या रात्रंदिवस पळविल्या. सर्व गाड्यांनी मिळून ७०,००० मैल, आणि सरासरी वेग ताशी ७० मैलांच्या वर! गाड्या उलटल्या, ठोकून-ठाकून पुन्हा धावल्या, आणि फाल्कन टिकाऊ आहे हे लोकांना पटले. प्रतिस्पर्ध्याची थट्टा माल सुधारण्यास कशी भाग पाडते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

परंतु ईर्षेला आखाडा लागतो. तो मिळाला बॅथर्स्टच्या माऊंट पॅनोरमा टेकडीवर. हा रस्ता मंदीच्या काळात बेकारांना काम देण्याच्या योजनेतून बांधला गेला. १९३८ साली त्यावर पहिली शर्यत झाली. एका फेरीची लांबी ६.२१३ किलोमीटर, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा चढ १७४ मीटर. गंमत अशी की शर्यतीचे दिवस सोडले तर तो साधा सार्वजनिक रस्ता आहे. त्याच्या कडेला लोक राहतात, आणि एरव्ही तेथे ताशी ६० किलोमीटरच्या वर गाडी नेण्यास बंदी आहे. बेकारांच्या कुदळींनी खोदलेला रस्ता कामकऱ्यांच्या मोटारींची पंढरी व्हावा, यात आम्हाला तरी एक न्याय दिसतो.

१९६३ पासून या टेकडीवर ५०० मैलांची शर्यत होऊ लागली. तिचा मुख्य नियम असा होता की, जी गाडी दुकानात कोणालाही विकत मिळते तीच येथे धावेल. या नियमातच ईर्षेचे सारे मर्म आहे. रविवारी टेकडीवर जिंकलेली गाडी सोमवारी आपल्या गल्लीत उभी असे. शेजाऱ्याच्या दारात उभी असलेली गाडी हरली म्हणजे शेजारीच हरला! १९६७ साली फोर्डने फाल्कन जीटीमध्ये व्ही-आकाराचे आठ सिलिंडरांचे इंजिन घालून शर्यत मारली. १९६८ साली होल्डनच्या मोनॅरोने ३२७ घन इंचांच्या इंजिनाने तिला उत्तर दिले. १९६९ साली मोनॅरोचे इंजिन ३५० घन इंचांचे झाले, तर फाल्कनचे ३५१ चे. एका इंचाची ही चढाओढ! त्या वर्षीही मोनॅरोच जिंकली. मग १९७० आणि १९७१ साली ॲलन मॉफट यांनी दुसरा चालक न घेता एकट्याने फाल्कन जीटीएचओ चालवून लागोपाठ विजय मिळविले. १९७१ ची ती गाडी, तिसऱ्या आवृत्तीची, अवघी ३०० च्या आसपास बांधली गेली. चार दारांच्या गाड्यांत त्या काळी जगातील सर्वांत वेगवान गाड्यांत तिची गणना होई. आणि १९७२ साली, भर पावसात, पीटर ब्रॉक या तरुणाने होल्डनच्या छोट्या, सहा सिलिंडरांच्या टोरानाने या थोरल्या फाल्कनना मात दिली. थोराला पावसात लहान गाठतो, ही कथा जगात सर्वत्र आवडते. ब्रॉक त्या दिवसापासून होल्डनवाल्यांचे दैवत झाले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोनॅरोची ती ३२७ आणि ३५० ची इंजिने आणि फाल्कनची ३५१ ची इंजिने, दोन्ही अमेरिकेतून येत होती. आपल्या मातीच्या अभिमानाने भांडणारे दोघेही सातासमुद्रापलीकडून आलेल्या इंजिनांवरून भांडत होते. म्हणून त्यांचे प्रेम खोटे ठरत नाही. पंढरीच्या वाटेवर पखवाज कोठे मढविला हे कोणी विचारीत नाही. पण मालकी आणि माया या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्या इंजिनांवर तेव्हाच लिहिलेले होते.

या ईर्षेची रीत पाहण्यासारखी होती. टेकडीच्या माथ्यावर लोक आदल्या दिवसांपासून तंबू ठोकीत. होल्डनवाल्यांचा तांबडा सिंह, फोर्डवाल्यांचे निळे लंबवर्तुळ. टोप्या, झेंडे, सदरे यांवरून माणूस कोणाकडचा हे लांबून कळे. बापाची गाडी तीच मुलाची, असा नेम असे, आणि सून दुसऱ्या बाजूच्या घरातून आली तर जेवणाच्या टेबलाला वर्षभर पुरेल एवढी थट्टा मिळे. क्रायस्लरची चार्जर ही तिसरी गाडी १९७१ साली आली, तेव्हा तिला पाहून दोन बोटे वर करून आरोळी देण्याची चाल पडली. तिघांच्याही मालकांना एकमेकांच्या गाड्यांचे पुर्जे तोंडपाठ असत. कारण ज्याची चेष्टा करावयाची त्याची माहिती आधी पक्की हवी. शत्रू हा पाठ न करता येणारा असतो. प्रतिस्पर्धी पाठ करावा लागतो.

१९७२ च्या जून महिन्यात सिडनीच्या एका वृत्तपत्राने ताशी १६० मैल वेगाच्या गाड्या रस्त्यावर येऊ घातल्याची बातमी ठळक छापली. राज्य सरकारांतील मंत्र्यांनी डोळे वटारले, आणि काही दिवसांतच तिन्ही कंपन्यांनी आपापल्या नव्या शर्यती गाड्यांचे बेत गुंडाळले. पंचवीस वर्षांच्या पोराच्या हाती असे वाहन देणे धोक्याचे आहे, ही भीती अगदीच निराधार नव्हती, हे आम्ही फोर्डवाले-होल्डनवाले दोघांसमोरही म्हणू. दुसऱ्याच वर्षी शर्यतीचे नियम बदलले. धावणारी गाडी व विकावयाची गाडी यांतले अंतर वाढू लागले.

आता आपण टेकडीवरून कारखान्यात येऊ. मोटार बांधणाऱ्यांची मुख्य संघटना फोर्ड, होल्डन आणि क्रायस्लर या तिन्ही घरांत एकच होती, आणि पगाराचा लवादी निवाडाही साऱ्यांना मिळून लागू असे. १९७३ च्या मे महिन्यात ब्रॉडमेडोजच्या फोर्ड कारखान्यात संप झाला. पट्ट्यावर काम करणारे बहुसंख्य ग्रीस, इटली, युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान अशा देशांतून आलेले होते. त्यांचे म्हणणे पगाराविषयी होते, तसेच पट्ट्याच्या वेगाविषयीही. कारण पट्टा माणसाच्या दमाकडे पाहून चालत नाही. संघटनेच्या पुढाऱ्यांनी कामावर परत जाण्याचा सल्ला दिला. तो कामगारांना मानवला नाही, आणि १३ जून रोजी त्यांचा संताप फुटला. भिंत पाडली गेली, काचा फुटल्या. संप त्यानंतरही कित्येक आठवडे चालला. संघटनेचे काम करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचावे, असे आम्हाला वाटते. पुढाऱ्याला सभासदाची भाषा येत नसेल, तर सभासद दगडाच्या भाषेत बोलतो.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेरीस बॅथर्स्टला फाल्कन जिंकली. टेकडीवर निळे झेंडे नाचले. वेगावर सारे खूष होते. ज्या वेगाविरुद्ध जूनमध्ये माणसे फाटकाशी उभी राहिली होती, तो वेगही त्याच गाडीत होता. टाळ्या वाजविणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांतले कितीतरी स्वतःच कोठल्या तरी पट्ट्यावर उभे राहणारे होते. माणूस आपल्या कामाचा अभिमान आणि आपल्या कामाचा जाच ही दोन्ही ओझी एका खांद्यावर वाहतो. जो पुढारी त्यातला अभिमान पाहत नाही त्याला जाचही नीट कळणार नाही.

ईर्षेने लोकांतला चांगुलपणाही बाहेर काढला. १९८० साली डिक जॉन्सन यांची फाल्कन आघाडीवर असता वाटेत पडलेल्या धोंड्यावर आदळून मोडली. जवळचे सर्व काही त्यांनी त्या गाडीत घातले होते. दूरदर्शनवर त्यांची रडवेली मुलाखत पाहून लोकांचे फोन सुरू झाले. सामान्य माणसांनी पैसे पाठविले, आणि जमेल तेवढ्यात तेवढीच भर फोर्डने घातली. पुढच्याच वर्षी, १९८१ साली, जॉन्सन यांनी जॉन फ्रेंच यांच्या जोडीने शर्यत जिंकली. वर्गणीतून उभा राहिलेला असा विजय आम्हा चळवळीतल्या माणसांना फार गोड वाटतो.

आणि ईर्षेने लोकांतला कोतेपणाही दाखविला, तोही लपवू नये. १९९२ साली जिम रिचर्ड्स आणि मार्क स्केफ यांनी जपानी निसान गाडीने ही शर्यत जिंकली. पावसात अपघात होऊन शर्यत मध्येच थांबली, निकाल आधीच्या फेरीवरून लागला, आणि विजेत्यांची जमावाने हुर्यो उडविली. एरव्ही एकमेकांवर खेकसणारे तांबडे आणि निळे तिसऱ्याविरुद्ध एक झाले. हेच रिचर्ड्स १९७८, १९७९ व १९८० असे तीनदा ब्रॉक यांच्यासह होल्डनमधून जिंकले होते. तेव्हा याच लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले होते. त्यांनी व्यासपीठावरून जमावाला कडक शब्दांत सुनावले, ते योग्यच झाले. 'आपण दोघे' याचा अर्थ 'तिसरा नको' असा होऊ लागला की मैत्रीची ईर्षा विटते.

चालक मात्र एका झेंड्याला बांधलेले नव्हते. खुद्द ब्रॉक १९८७ साली होल्डन कंपनीशी बिनसून बाहेर पडले आणि १९८९ साली फोर्डमधून धावले. त्यांचा शिष्य गणला गेलेला क्रेग लाउंडेस २००१ साली होल्डन सोडून फोर्डकडे गेला, तेव्हा अनेकांना तो घरभेद वाटला. ८ सप्टेंबर २००६ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियात एका रॅलीत ब्रॉक अपघातात गेले. बॅथर्स्ट त्यांनी नऊ वेळा जिंकली होती; म्हणून त्या वर्षापासून विजेत्याला त्यांच्या नावाचा चषक देण्याचे ठरले. तो पहिला चषक लाउंडेस आणि जेमी विनकप यांनी फाल्कनमधून जिंकला. होल्डनच्या दैवताच्या नावाचा पहिला चषक फोर्डच्या गाडीला! त्या दिवशी कोण हरले आणि कोण जिंकले, हे सांगणे अवघड होते.

इकडे लोक झेंडे जपत होते, तिकडे हिशेबाच्या वह्यांत दुसरेच चालले होते. १९८० च्या दशकाच्या मध्यास उद्योगमंत्री जॉन बटन यांनी मोटार-धंद्याची नवी योजना आणली. ५७.५ टक्क्यांवरची आयात-जकात टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली. २०१० पर्यंत ती ५ टक्क्यांवर आली. गाड्यांचे प्रकार कमी व्हावेत म्हणून कंपन्या एकमेकींच्या गाड्यांवर आपला बिल्ला लावून विकू लागल्या. होल्डनची कमोडोर टोयोटाच्या नावाने, निसानची गाडी फोर्डच्या नावाने, असा प्रकार झाला. ज्या बिल्ल्यासाठी घराघरांत वाद होत, तो बिल्ला चार स्क्रूंनी काढता व लावता येतो, हे कंपन्यांनीच दाखवून दिले. पुढे ऑस्ट्रेलियाचा डॉलर वधारून बाहेरच्या गाड्या स्वस्त झाल्या, लोक उंच, जीपसारख्या गाड्यांकडे वळले, आणि सरकारनेही मदतीचा हात आखडता घेतला. लहान बाजारात एवढ्या कंपन्यांचा निभाव लागेना.

२०१३ सालच्या मे महिन्यात फोर्डने आणि डिसेंबरात होल्डनने कारखाने बंद करण्याची घोषणा केली. ७ ऑक्टोबर २०१६, शुक्रवार, या दिवशी ब्रॉडमेडोजच्या पट्ट्यावरून शेवटची फाल्कन उतरली. तिसऱ्या दिवशी, रविवारी, बॅथर्स्टची शर्यत होती, आणि ती होल्डनने जिंकली. होल्डनवाल्यांना यापूर्वी कितीही आनंद झाला असेल, तो दिवस तसा नव्हता. आपला फास वर्षभर दूर आहे हे त्यांना ठाऊक होते. २० ऑक्टोबर २०१७ रोजी ॲडलेडजवळचा एलिझाबेथचा कारखाना थांबला. फेब्रुवारी २०२० मध्ये जनरल मोटर्सने होल्डन हे नावच मोडीत काढण्याचे जाहीर केले. खोगिरांच्या दुकानापासून आलेले १६४ वर्षांचे नाव, ज्यांनी ते अंगावर गोंदवून घेतले होते त्यांना न विचारता, समुद्रापलीकडच्या एका निर्णयाने पुसले गेले.

ही कथा आपल्याला परकी वाटू नये. हीच जनरल मोटर्स १९२८ साली मुंबईच्या शिवडीस मोटारी जोडू लागली होती. मोटारीचे भाग येथेच बनविण्याचा आग्रह स्वतंत्र भारताच्या सरकारने धरला, तेव्हा १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात ती आणि फोर्ड, दोघीही येथून निघून गेल्या. पुढे २००८ साली जनरल मोटर्सने पुण्याजवळ तळेगावात कारखाना उघडला. डिसेंबर २०२० मध्ये तोही थांबला. होल्डन नाव संपले तेच हे वर्ष. फोर्डने २०२१ साली भारतात गाड्या बांधणे थांबविण्याचे जाहीर केले. एलिझाबेथचा कामगार आणि तळेगावचा कामगार यांची कधी भेट झाली नसेल, पण दोघांच्या हाती पडलेला कागद एकाच घरून निघालेला होता.

तेव्हा या इतिहासाचे तात्पर्य काय? जगात चढाओढ दोन प्रकारची असते. एक टेकडीवरची: तीत समोरचा टिकला पाहिजे, कारण तो नसेल तर शर्यतच नाही. फाल्कन गेली तेव्हा होल्डनवाला सुना झाला, आणि होल्डन गेली तेव्हा फोर्डवाल्याला थट्टा करावयास कोणी उरले नाही. दुसरी चढाओढ हिशेबाच्या वहीतली: तीत एका गावाचा कामगार दुसऱ्या गावाच्या कामगारासमोर उभा केला जातो, आणि कोण कमी दरात राबतो एवढेच पाहिले जाते. पहिली माणसांना जोडते. दुसरी त्यांना सुटी करते. कामगारांनी पहिली हौसेने करावी, पोटभर करावी. आणि दुसरीत उतरण्यास मात्र एकत्र नकार द्यावा.

माया मात्र बंद झाली नाही. १९७१ च्या त्या फाल्कनपैकी एक २०२१ साली लिलावात दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेली. एके काळी पगारदार माणसाची असलेली गाडी आता धनिकांची झाली, हेही एक दुःखच. पण साध्या होल्डन आणि साध्या फाल्कन अजून हजारोंनी रस्त्यावर आहेत. शर्यतीत २०२३ पासून फोर्डची मस्टँग आणि शेवरलेची कॅमारो धावू लागल्या. दोन्ही अमेरिकन नावे, दोन्हींचा एकही कारखाना ऑस्ट्रेलियात नाही. तरी ऑक्टोबर आला की टेकडीच्या माथ्यावर तांबडे आणि निळे झेंडे लागतात. दोन्ही कंपन्यांनी बिऱ्हाड हलविले. भांडणारे शेजारी तेवढे एकमेकांसाठी उरले आहेत.